टँकर सुटला, बादल्या उरल्या

समुद्रात तेल सांडले की आपल्याकडे दोन-चार दिवस मोठी धावपळ होते. मंत्री हेलिकॉप्टरमधून पाहणी करतात, वाहिन्या काळ्या लाटा दाखवतात, चौकशी समिती नेमली जाते आणि टोपली घेऊन बाजारात बसलेल्या कोळणीला गिऱ्हाईक विचारते, मासळीला तेलाचा वास तर नाही ना? एवढे झाले की प्रकरण संपते. आम्हाला आज त्या दोन-चार दिवसांबद्दल बोलायचे नाही. त्याआधीच्या एका तासाबद्दल बोलायचे आहे. जहाज धक्क्याला बांधलेले आहे, जहाजाचा एजंट कागद घेऊन टेबलासमोर उभा आहे आणि शिक्का अधिकाऱ्याच्या हातात आहे, तो तास. तेलवाहू जहाजावर कायद्याची खरी पकड असते ती त्याच तासात. एकदा दोर सुटला आणि जहाज खोल समुद्रात गेले की मालक एका देशात, झेंडा दुसऱ्या देशाचा, विमा तिसऱ्या देशात आणि खलाशी चौथ्या देशाचे. मग शोधत बसा.

वास्तविक पाहता कायद्यात उणीव नाही. १९६२ च्या कस्टम कायद्याचे कलम ४२ कोणालाही समजेल इतके सरळ आहे. माल उतरवलेले किंवा भरलेले जहाज अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय बंदर सोडू शकत नाही. प्रदूषणापुरते बोलायचे तर १९७३ साली झालेला आणि १९७८ साली सुधारलेला 'मार्पोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात १९८६ साली सामील झाला. या कराराचे पाचवे कलम सांगते की, बंदराच्या देशाने परदेशी जहाजावर चढून दाखले तपासावेत आणि जहाजाची प्रत्यक्ष अवस्था दाखल्याशी जुळत नसेल, तर समुद्राला अवाजवी धोका न पोहोचवता जाता येईल अशी स्थिती येईपर्यंत ते जहाज निघणार नाही याची व्यवस्था करावी. वाचकांनी इथे क्रियापद पाहावे. 'करता येईल' असे नाही, 'करावी' असे आहे. संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार तर एक पाऊल पुढे जातो. नादुरुस्त जहाजाला सोडायचेच असेल तर फक्त जवळच्या दुरुस्तीच्या गोदीपर्यंत सोडावे, असे त्याचे २१९ वे कलम म्हणते.

मग अडते कुठे? अडते ते त्याच मार्पोलच्या सातव्या कलमात. जहाजाला विनाकारण खोळंबवू नये आणि खोळंबवलेच तर मालकाला नुकसानभरपाईचा हक्क आहे, असे तिथे लिहिले आहे. आपल्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही असाच खटका होता. योग्य कारणाशिवाय जहाज अडकवले तर खर्च आणि नुकसान सरकारच्या अंगावर. नियम म्हणून यात वावगे काही नाही, कारण अधिकाऱ्याला मोकाट अधिकार दिले तर बंदराबंदरावर वसुलीची दुकाने उघडतील. पण टेबलामागे बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याने जहाज सोडले आणि पुढे तेल सांडले, तर त्याचे नाव कोणी विचारत नाही. त्याने जहाज रोखले आणि दोष सिद्ध झाला नाही, तर दिवसाच्या लाखो रुपयांच्या भाड्याचा हिशेब त्याच्यापुढे येतो, वरिष्ठांचे फोन येतात, बंदराचा धंदा पळेल असे सांगणारे येतात. मासळीच्या वतीने मात्र फोन येत नाही. अशा तराजूत शिक्का कोणत्या बाजूला पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कागदावरची तपासणी होत नाही असे नाही. हिंदी महासागराच्या काठावरील देशांनी परदेशी जहाजे तपासण्यासाठी आपसांत करार केला आहे आणि त्याचे सचिवालय आपल्या शेजारी गोव्यात आहे. सदस्य देशांचे निरीक्षक जहाजे तपासतात, दोषी जहाजे अडकवतात, त्याच्या नोंदीही ठेवतात. पण तपासणी म्हणजे निवडक जहाजांची तपासणी. प्रत्येक सुटणाऱ्या टँकरची नव्हे.

२८ जानेवारी २०१७ ची पहाट आठवा. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरचे कामराजर बंदर आहे. तिथे गॅस उतरवून 'बीडब्ल्यू मेपल' नावाचा टँकर बाहेर पडत होता आणि पेट्रोलियम पदार्थ घेऊन 'डॉन कांचीपुरम' नावाचा दुसरा टँकर आत येत होता. एक सुटणारा, एक येणारा. दोन्हींना वाट दाखवण्याची व्यवस्था बंदराची. बंदराच्या तोंडाशीच दोघांची टक्कर झाली. सुरुवातीला बंदराकडून सांगण्यात आले की पर्यावरणाची हानी झालेली नाही. पुढचे काही दिवस समुद्राने वेगळेच सांगितले. इंजिनाच्या जड तेलाचा काळा चिखल किनाऱ्याला लागला, एक-दोन टनांच्या गोष्टी मागे पडल्या आणि आकडा दोनशे टनांच्या आसपास गेला.

तो चिखल काढला कोणी? बादल्यांनी काढला. मच्छीमारांनी, कंत्राटी कामगारांनी, महाविद्यालयातल्या पोरांनी दगडांवर उभे राहून हातांनी आणि बादल्यांनी तो उपसला. अनेकांच्या हातात धड मोजे नव्हते, नाकावर धड फडके नव्हते. अंतराळात यान पाठवणाऱ्या देशाचे हे दृश्य पाहून जगाने आश्चर्य केले. आम्हाला आश्चर्य वाटले नाही. या देशात घाण कोणीही करो, ती हाताने उचलायला कोण उतरते हे ठरलेले असते. गटारापासून समुद्रापर्यंत तीच रीत आहे. तेलगळतीच्या राष्ट्रीय आपत्ती आराखड्यानुसार सातशे टनांपर्यंतच्या गळतीची पहिली जबाबदारी बंदराची आणि तेल हाताळणाऱ्या संस्थेची आहे. म्हणजे एन्नोरची गळती बंदराच्या आवाक्यातली, पहिल्या पायरीची होती. त्या पायरीवरचे आपले आयुध बादली निघाले.

मुंबईने याआधी असा अनुभव घेतलेलाच होता. ७ ऑगस्ट २०१० रोजी जेएनपीटी बंदरातून बाहेर निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदरात येणारे 'खलिजिया ३' एकमेकांवर आदळले. दोन्हींपैकी एकही टँकर नव्हते, पण चित्राच्या पोटात स्वतःच्या इंजिनासाठी अडीच हजार टनांहून अधिक तेल होते आणि त्यातले सुमारे आठशे टन समुद्रात गेले. तिवरांची मुळे काळी पडली. मुंबईकरांनी मासळी खाणे टाकले. खलिजियाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. हे जहाज त्याच्या आधी तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते तेव्हा मुंबईजवळच खडकाळ भागात रुतलेले होते. ज्याला धोका म्हणून ओळखायला दुर्बिणीची गरज नव्हती, ते त्याच पाण्यात पुन्हा फिरत होते.

दाखला असणे आणि जहाज धड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे युरोपला १९९९ साली कळले. ८ डिसेंबरला फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून 'एरिका' नावाचा टँकर सुमारे ३१ हजार टन जड तेल घेऊन इटलीकडे निघाला. पंचवीस वर्षांचे जुने जहाज. झेंडा माल्टाचा. दाखले सगळे वैध. इटलीच्या वर्गीकरण संस्थेने काही आठवड्यांपूर्वीच त्याची पाहणी केलेली. चार दिवसांत वादळात त्याचे दोन तुकडे झाले आणि ब्रिटनीचा सुमारे चारशे किलोमीटर किनारा काळा झाला. आत गंजलेल्या टाक्या होत्या, बाहेर रंग होता आणि वर शिक्का होता. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१२ रोजी अंतिम निकाल दिला. जहाजाचा मालक आणि व्यवस्थापक दोषी ठरलेच, पण दाखला देणारी संस्था आणि ज्या टोटल कंपनीचे तेल जहाजात होते ती कंपनीही दोषी ठरली. जहाज तपासून घेण्याची पद्धत कंपनीने स्वतःच स्वीकारली होती, तेव्हा ती तपासणी निष्काळजीपणे केल्याचा दोष तिच्या माथी आला. आपल्याकडे माल ज्याचा त्याच्यापर्यंत हात पोहोचल्याची किती उदाहरणे आहेत?

एरिकानंतर युरोपने नियम बदलले. २००२ च्या एका निर्देशाने बंदराच्या अधिकाऱ्याला असा अधिकार दिला की, हवामान अतिशय खराब असेल आणि प्रदूषणाचा धोका असेल तर त्या भागातील बंदर सोडण्यास सरळ मनाई करता येईल. बंदी घालायला जहाजात दोष सापडण्याची गरज नाही, आकाशाकडे पाहिले तरी पुरे.

ज्यांनी आकाशाकडे पाहिले नाही त्यांचे काय झाले, तेही ताजे आहे. काळ्या समुद्राच्या केर्च सामुद्रधुनीत ११ नोव्हेंबर २००७ रोजी 'व्होल्गोनेफ्त' जातीचा एक रशियन टँकर वादळात मोडला. ही जहाजे मुळात नदीसाठी आणि शांत पाण्यासाठी बांधलेली, सोव्हिएत काळातली. सतरा वर्षांनी, १५ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच परिसरात, त्याच जातीची दोन जहाजे वादळात सापडली. एक बुडाले, दुसरे किनाऱ्याला लागले. दोन्हींत मिळून नऊ हजार टनांहून अधिक जड तेल होते आणि त्यातले हजारो टन बाहेर पडले. पन्नाशी गाठलेल्या नदीच्या जहाजांना हिवाळ्यात वादळी समुद्रात कोणीतरी जाऊ दिले होते. त्यानंतर अनापाच्या वाळूत हजारो स्वयंसेवक फावडी घेऊन उतरले. तिथे फावडी, इथे बादल्या.

कायद्याने काही होत नाही, असा सूर लावणाऱ्यांसाठी एक आकडा देतो. टँकरमधून सात टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना जगात १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी ७९ च्या घरात होत्या. २०१० ते २०१९ या दशकात ही सरासरी सहावर आली, आणि तीही तेलाची वाहतूक वाढलेली असताना. दुहेरी तळ, वेगळ्या टाक्या, तपासण्या, विमा यांचा तो परिणाम आहे. म्हणजे मालकांची सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे, तर नियमांशिवाय सुटका नाही म्हणून समुद्र थोडा स्वच्छ झाला.

अपघात मात्र या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग रोजचा आहे आणि तो आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी दिसतो. उन्हाळा सरता सरता वारे फिरले की गोव्यापासून जुहूपर्यंत वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात. चप्पल चिकटते, जाळी चिकटतात. हे गोळे कुठले? गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे आणि तेलविहिरींच्या बरोबरीने टँकरांच्या टाक्या धुतलेल्या पाण्याकडेही बोट दाखवले आहे.

टँकर बंदरात तेल उतरवतो तेव्हा टाकीच्या भिंतींना आणि तळाला थोडे तेल चिकटून राहते. रिकामे जहाज समुद्रात डोलते, म्हणून त्यात समुद्राचे पाणी भरतात. पूर्वी हे पाणी तेलाच्याच टाकीत भरत आणि पुढच्या बंदराआधी समुद्रात सोडून देत. मार्पोलने त्याला आळा घातला. पाण्यासाठी वेगळ्या टाक्या आल्या, कच्च्या तेलानेच टाकी धुण्याची पद्धत आली. तरीही धुण्याचे तेलकट पाणी उरतेच. ते समुद्रात सोडायची मुभा कायद्यानेच दिली आहे. किनाऱ्यापासून पन्नास सागरी मैलांपलीकडे, जहाज चालू असताना, मैलाला तीस लिटरपेक्षा जास्त तेल नाही आणि एकूण तेल मालाच्या तीस हजाराव्या भागापेक्षा जास्त नाही. ऐकायला किरकोळ वाटते. एक लाख टनांच्या जहाजाला याचा अर्थ तीन टनांहून अधिक तेल कायदेशीरपणे समुद्रात, आणि तेही मोजणारे यंत्र प्रामाणिक असेल तर.

इथे भूगोल आपल्या विरुद्ध उभा राहतो. भूमध्य समुद्र, बाल्टिक, पर्शियन आखात अशी काही 'विशेष क्षेत्रे' मार्पोलने ठरवली आहेत. तिथे तेल भरलेल्या टाक्यांचे धुण्याचे पाणी सोडायला पूर्ण बंदी आहे. आखातात ही बंदी २००८ पासून लागू आहे. भारताचा पश्चिम किनारा त्या यादीत नाही. आता मुंबईला किंवा जामनगरजवळच्या सिक्क्याला कच्चे तेल उतरवून आखातात परत निघालेल्या टँकरचा विचार करा. आखातात पोहोचल्यावर त्याला धुता येत नाही. बंदरात द्यायचे म्हटले तर वेळ जातो, पैसे जातात. मधला अरबी समुद्र तेवढा मोकळा आहे. अशा वेळी कप्तान काय करील, हे तो सज्जन आहे की दुर्जन यावर सोडून चालणार नाही.

युरोपने यावर जो उपाय काढला तो अगदी व्यवहारी आहे. २००० साली, आणि नंतर २०१९ च्या नव्या निर्देशाने, त्यांनी नियम केला की बंदर सोडण्यापूर्वी जहाजाने आपला कचरा आणि तेलकट गाळ बंदरात जमा करावा. पुढच्या बंदरापर्यंत साठवायला पुरेशी जागा असेल तर सूट. ज्याने जमा केला नाही त्याची तपासणी, आणि गाळ देईपर्यंत त्याला थांबवता येते. सर्वांत महत्त्वाची मेख शुल्कात आहे. गाळ द्या वा न द्या, त्यासाठीच्या शुल्काचा वाटा प्रत्येक जहाजाने भरायचाच. पैसे भरलेलेच आहेत म्हटल्यावर गाळ रात्री समुद्रात ओतण्यात फायदा उरत नाही. आमच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी ज्याला समजते, त्याला हे तत्त्व समजायला अडचण नाही. गाळ घेण्याची सोय करणे मार्पोलखाली आपल्या बंदरांवरही बंधनकारक आहे. प्रश्न आहे तो सुटकेच्या शिक्क्याचा. गाळ दिल्याची पावती पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, एवढी एक ओळ पुरेशी आहे.

या विषयात सर्वांत शिकण्यासारखे ठिकाण आहे अमेरिकेतील अलास्काचे व्हाल्डेझ बंदर. २३ मार्च १९८९ च्या रात्री तिथून 'एक्सॉन व्हाल्डेझ' टँकर तेल भरून निघाला आणि काही तासांत, मध्यरात्र उलटताच, खडकावर चढला. सुमारे ३७ हजार टन तेल सांडले. दोन हजार किलोमीटरहून अधिक किनारा माखला. तिथल्या मच्छीमारांचा आणि आदिवासी गावांचा जगण्याचा आधार तुटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेने तेल प्रदूषण कायदा केला. आज व्हाल्डेझहून तेल भरून निघणाऱ्या प्रत्येक टँकरबरोबर दोन टगबोटी असतात, आणि सुरुवातीच्या अरुंद वाटेत तर एक टग दोराने बांधलेली असते. बाहेरच्या तोंडाशी वारा ४५ नॉटच्या वर गेला किंवा लाटा पंधरा फुटांच्या वर उठल्या तर भरलेल्या टँकरला बाहेर सोडत नाहीत. तेलाचा बाजारभाव काहीही असो, जहाज थांबते.

पण आम्हाला टगबोटींपेक्षा मोठी वाटली ती दुसरी तरतूद. त्याच कायद्याने तिथे नागरिकांची एक सल्लागार परिषद बसवली. तिच्यात किनाऱ्यावरची गावे आहेत, मच्छीमार आहेत, अलास्काचे मूळनिवासी आहेत. खर्च तेल कंपन्या उचलतात आणि देखरेख हे लोक ठेवतात. चारशेच्या आसपास मासेमारी नौकांशी आधीच करार केलेले आहेत. त्यांच्या मालकांना तेल रोखण्याचे प्रशिक्षण मिळते, सराव होतो आणि त्या कामाचा मोबदला मिळतो. संकट आले तर मच्छीमार तिथेही समुद्रात उतरतो. फरक एवढाच की तो प्रशिक्षित माणूस म्हणून, साधने घेऊन आणि मजुरी ठरवून उतरतो. अमेरिका म्हणजे स्वर्ग आहे असा आमचा गैरसमज नाही. त्याच खटल्यात एक्सॉनवर बसवलेला अडीच अब्ज डॉलरचा दंडात्मक भरपाईचा बोजा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ५० कोटी डॉलरच्या आसपास आणून ठेवला. न्यायालयात भांडवल जिंकते ते तिकडेही. म्हणूनच बंदराच्या दाराशी जिंकणे महत्त्वाचे.

आपल्याकडे दाराशी कोण बसते? २०२१ चा मेजर पोर्ट अथॉरिटीज कायदा काढून पाहा. मुंबई बंदराच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि कस्टम यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी आहे, कर्मचाऱ्यांचे दोन आहेत, स्वतंत्र सदस्य आहेत. ज्यांची जाळी त्या पाण्यात पडतात त्यांच्यासाठी एकही खुर्ची नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत मोठी बंदरे केंद्राच्या यादीत आणि मासेमारी राज्याच्या यादीत आहे. परिणामी जहाजाचा शिक्का दिल्लीच्या अखत्यारीत आणि कोळ्याचे रडणे मंत्रालयाच्या. ज्याच्या हाती शिक्का त्याला नुकसान दिसत नाही, आणि ज्याला नुकसान दिसते त्याच्या हाती शिक्का नाही. प्रतिनिधित्व हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. तो फक्त विधानसभेपुरता नसतो, बंदराच्या मंडळालाही लागू असतो.

आता विम्याकडे वळू, कारण २०२२ पासून हा मुद्दा धारदार झाला आहे. तेल प्रदूषणाच्या भरपाईबाबतचा १९९२ चा आंतरराष्ट्रीय करार असे सांगतो की, दोन हजार टनांहून अधिक तेल भरलेल्या जहाजाकडे भरपाईचा विमा असला पाहिजे. बंदरात येताना आणि बंदरातून जाताना हा विमा चालू आहे याची खात्री त्या देशाने करायची, मग जहाजाचा झेंडा कोणाचाही असो. म्हणजे हाही सुटकेच्या टेबलावरचाच कागद. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर पाश्चात्त्य निर्बंध आले आणि रशियाचे तेल वाहण्यासाठी जुनाट, सारखी नावे आणि झेंडे बदलणाऱ्या टँकरांचा छुपा ताफा उभा राहिला. त्यातल्या अनेकांचा विमा नामांकित संघांकडे नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'इव्हेंटिन' नावाचा असा एक टँकर सुमारे ९९ हजार टन तेलासह जर्मनीच्या किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडून वाहत राहिला. तेल सांडले नाही, ही केवळ दैवाची कृपा.

या काळात भारताने रशियन तेल मोठ्या प्रमाणावर घेतले. स्वस्त तेल घ्यावे की नाही, हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे आणि त्यावर आम्ही इथे निवाडा करत नाही. मात्र आपल्या जहाजवाहतूक खात्याने रशियन विमा कंपन्यांनाही मुदतीची मान्यता देत ठेवली, हे सामान्य माणसाला माहीत असायला हवे. उद्या अशा जहाजातून तेल सांडले आणि निर्बंधांमुळे त्या कंपनीचे पैसे हलेनासे झाले, तर रत्नागिरीच्या मच्छीमाराने कोणाच्या दारात जायचे? विमा बुडाला तर आंतरराष्ट्रीय निधी आहे, असे उत्तर मिळेल. आहे, पण त्यालाही मर्यादा आहे आणि तो भरतात तेल आयात करणाऱ्या कंपन्या, ज्यांत भारतीय कंपन्यांची वर्गणी मोठी आहे. म्हणजे नफा जहाजवाल्याचा आणि भरपाई फिरून आपल्याच पेट्रोलच्या दरातून.

जहाज हाताशी असताना काय साधते, ते केरळने नुकतेच दाखवले. २३ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज विळिंजम बंदरातून कोचीकडे निघाले, वाटेत कलले आणि २५ मे रोजी ६४० कंटेनरांसह बुडाले. त्याच्या टाक्यांत साडेचारशे टनांच्या आसपास इंधन होते. बुडालेल्या जहाजाकडून काय वसूल करणार? केरळ सरकार उच्च न्यायालयात गेले, ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि जुलैमध्ये त्याच समूहाचे विळिंजमला आलेले 'अकिटेटा २' हे दुसरे जहाज अटकेत ठेवण्याचा आदेश मिळवला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने १,२२७ कोटींहून अधिक रकमेची हमी मागितली. अंतिम निकाल ही लांबची गोष्ट आहे. पण जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपनीला हमीच्या टेबलावर आणणारी गोष्ट एकच होती. जहाज बंदरात होते आणि त्याला जाऊ दिले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या कायद्याऐवजी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. जुन्या कायद्यात १५० टनांवरील तेलवाहू आणि ४०० टनांवरील इतर जहाजांनाच प्रदूषण प्रतिबंधाचा दाखला लागत असे. नव्या कायद्याने टनांची ही अट काढली, हे चांगलेच झाले. पण दाखल्यांची संख्या वाढवून एरिका थांबली नसती. कायदा मोठ्या रेषा आखतो, खरी धार नियमांत असते. गाळाची पावती, हवामानाची मर्यादा, टगबोटी, विमा कंपनीची पत आणि प्रामाणिकपणे जहाज रोखणाऱ्या अधिकाऱ्याला वैयक्तिक झळ न लागण्याची हमी, या गोष्टी सुटकेच्या अटींत लिहून घ्याव्या लागतील. नियमांचे मसुदे हरकतींसाठी इंग्रजीतून राजपत्रात येतात आणि वरळी, माहीम, वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्याचा पत्ता नसतो. मच्छीमार सहकारी संस्थांनी ते मराठीतून मागवावेत.

आणि मसुद्याची वाट पाहत बसायचेही कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. मुंबई बंदर प्राधिकरणाला आणि जहाजवाहतूक महासंचालनालयाला संस्थांनी लेखी विचारावे की, गेल्या वर्षी जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यावरून किती टँकर सुटले. त्यांतल्या किती जहाजांवर निरीक्षक चढला, किती अडकवली, किती जहाजांनी जाताना तेलकट गाळ जमा केला आणि तो किती टन होता. किती जहाजांचा विमा कोणत्या कंपनीचा होता. वाईट हवामान म्हणून किती वेळा सुटका थांबवली. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत, आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे करायचे असते.